चावी आणि मंडळी

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये दहा बेड आहेत. सकाळची पहिली पाळी साडेसहाला सुरू होते आणि एकदा मशीन लागलं की चार तास कुणाची सुटका नाही, पेशंटचीही नाही आणि आमचीही नाही. मी इथे टेक्निशियन आहे, पण निळा गणवेश बघून सगळे मला सिस्टरच म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचे. आता तो नाद सोडलाय.

पाच नंबरच्या बेडवर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी एक काकू यायच्या. वय एकोणसाठ, अंगाने काटकुळ्या, जिभेने तिखट. पहिल्या दिवशी सुई टोचताना मी म्हणाले, "काकू, जरासं दुखेल हं."

"जरासं म्हणजे किती ते सांगा," त्या म्हणाल्या. "माझं लग्न ठरलं तेव्हाही सगळे जरासंच म्हणाले होते."

शेजारी त्यांची पिशवी, चादर, चपला असा सगळा संसार हातात घेऊन उभे असलेले काका ओशाळून हसले.

काका त्रेसष्टचे. इथून सात तासांवरच्या एका छोट्या गावात त्यांनी चौतीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं होतं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, हातभर लांबीची लोखंडी चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. या आळीला सकाळी, त्या आळीला दुपारी. गावातला प्रत्येक बोळ, प्रत्येक चढ, जमिनीखालचा प्रत्येक पाइप त्यांना पाठ होता. लोक त्यांना चावीवाले म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

मग काकूंची मूत्रपिंडं गेली. गावात डायलिसिसची सोय नव्हती. मुलगी इथे एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. तिने हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने बघितल्या आणि आईवडिलांना घेऊन आली. तीही त्यांच्याबरोबरच राहायची. काकूंना दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी प्यायची परवानगी होती, तेही मोजून. काका एकदा मला म्हणाले होते, "अख्ख्या गावाला पाणी पाजलं सिस्टर, आणि आता घरात हिच्या हातातून पेला काढून घ्यायची वेळ आली माझ्यावर."

चार तास नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं, असा आमचा नियम. बाकी लोक डुलक्या काढतात, मोबाइल बघतात. काकांच्या पायांना बसायची सवयच नव्हती. पहिल्या आठवड्यात ते कॉरिडॉरमध्ये इतक्या येरझाऱ्या घालायचे की फरशी पुसणाऱ्या मावशींनी तक्रार केली. दुसऱ्या आठवड्यात ते गच्चीवर जाऊन हॉस्पिटलची टाकी बघून आले आणि आमच्या प्लंबरला म्हणाले, "तुमचा बॉलकॉक महिन्याभरात जाणार." प्लंबरला राग आला. बॉलकॉक तीन आठवड्यांत गेला, तेव्हा त्याला आणखी राग आला.

मग एका बुधवारी ते फिरायला बाहेर पडले आणि हरवले.

मी काकूंचं मशीन काढलं, सुया काढल्या, हातावर बोळा दाबून पट्टी लावली, वजन केलं. काका नाहीत. फोन करावा तर त्यांचा फोन काकूंच्याच पिशवीत वाजला. दुसऱ्या पाळीचा पेशंट आला, म्हणून काकूंना मी खुर्चीत बसवलं. दीड तासाने काका आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा उतरलेला.

"सगळे रस्ते सारखेच दिसतात गं," ते काकूंना म्हणाले. "त्याच त्या इमारती, तेच ते चौक. चौघांना विचारलं. एकाने तर भलत्याच हॉस्पिटलात नेऊन सोडलं."

काकूंच्या ओठांवर काहीतरी बोलणं आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. नुसतं म्हणाल्या, "चला, भूक लागलीय मला."

त्यानंतर काका बाकावरून हलेनात. येरझाऱ्या बंद, टाकीची चौकशी बंद. भिंतीकडे बघत चार तास बसायचे. महिनाभरात त्यांचे गाल आत गेले. एका सोमवारी काकूंनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझं रक्त हे मशीन साफ करतंय. ह्यांचं कोण करणार? ह्यांना काहीतरी कामाला लावा हो. बसून बसून माणूस गंजायला लागलाय."

मला एकच काम सुचलं, आणि ते सांगायला मला थोडी लाजच वाटत होती.

सात वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी या शहरात आले तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून रडू यायचं. त्या वेळी मला जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा शोध लागला. कुणीतरी शहरात एखाद्या जागी छोटीशी डबी लपवतं आणि त्या जागेचा नेमका ठावठिकाणा ॲपवर टाकतं. आपण मोबाइलवरचा नकाशा बघत तिथे जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवून द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना संशय येता कामा नये. बक्षीस वगैरे काही नाही. पण डबी शोधायच्या निमित्ताने आपण अशा गल्ल्यांत शिरतो, जिथे एरवी शिरायचं काही कारण नसतं. हे शहर मी असं डबी-डबीने शिकले.

काकांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे म्हातारपणी लपाछपी?"

"त्यात काय झालं?" काकू बेडवरून म्हणाल्या. "लपायला तुम्हाला छान जमतंच. आता शोधायचं शिका."

मी त्यांच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं. खेळण्यासाठी एक टोपणनाव लागतं. काकांना काही सुचेना. काकूंनी डोळे मिटले होते, तशाच म्हणाल्या, "लिहा, चावी आणि मंडळी."

"मंडळी तर इथे पडून आहे," काका म्हणाले.

"मंडळी इथूनच येईल. तुम्ही बघून यायचं आणि मला सांगायचं."

पहिली डबी हॉस्पिटलच्या मागच्या पादचारी पुलावर होती. काका दोनदा जाऊन हात हलवत परत आले. तिसऱ्या खेपेला, शुक्रवारी, ते आले ते जवळजवळ धावतच. कठड्याच्या खालच्या अंगाला लोहचुंबकाने चिकटवलेली, अंगठ्याएवढी डबी. "मी वरून बघत होतो गं दोन दिवस! व्हॉल्व्ह काय वर असतो का? खाली वाकल्याशिवाय काही सापडत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?" त्यांचा आवाज एवढा चढला की सात नंबरच्या आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "काय, लॉटरी लागली का?"

पुढचं दीड वर्ष असंच चाललं. मशीन लागलं की काका बाहेर पडायचे आणि साधारण अडीच-तीन तासांनी परत यायचे. शेवटच्या तासासाठी मी त्यांना आत सोडायचे. नियमात ते बसत नव्हतं, पण शेवटच्या तासात काकूंच्या पायांत गोळे येतात, हे मला ठाऊक होतं. काका त्यांच्या पोटऱ्या दाबत बोलत राहायचे. आज कुठे गेलो, रस्ता कुठे वळला, डबी कशी सापडली. आणि काकू उलटतपासणी घ्यायच्या.

"तिथे बसायला बाक होता का?"

"होता."

"सावलीत?"

"ते नाही बघितलं."

"मग बघितलं काय? शेजारी दुकान कसलं होतं?"

"सायकलदुरुस्तीचं."

"कोण बसतं दुकानात?"

"अगं, मला काय माहीत? मी डबी शोधायला गेलो होतो, सोयरीक जमवायला नाही."

"पुढच्या खेपेला विचारून या."

आणि काका खरंच विचारून यायचे. सायकलवाल्याचा डावा गुडघा दुखतो, तो दुकान भावाला देणार होता पण भावाचं मन फिरलं. नदीकाठच्या रोपवाटिकेतली बाई एकटीच तीनशे कुंड्यांना पाणी घालते आणि प्रत्येक कुंडीशी भांडते. काकूंनी त्या बाईला निरोप पाठवला, "आमच्या खिडकीत अजिबात ऊन येत नाही, तिथे काय जगेल?" बाईने उलट निरोप पाठवला, "रुंद पानांचं एक झाड देते, पण पाणी कमी घालायचं." काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच. जमेल आमचं." असे निरोप आठवड्याला दोन-तीन तरी जायचे-यायचे. पाच नंबरच्या बेडवरून काकूंनी कधी न पाहिलेल्या माणसांशी ओळखी करून घेतल्या.

या सगळ्यात एकदाच मोठा खटका उडाला. तो तळ्यावरून.

एका सोमवारी काकांनी सांगितलं, की शहराच्या उत्तरेला एका बागेत तळं आहे. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात, भोवती दगडी पायऱ्या, पांढरी बदकं. काकू कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. त्या दिवशी त्यांचं वजन नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं, म्हणजे अंगात पाणी साठलं होतं, आणि तहानेने ओठ सुकले होते. "मला ते तळं बघायचंय," त्या म्हणाल्या. दीड वर्षात त्यांनी पहिल्यांदाच कुठे जायचं म्हटलं होतं. मुलीने रविवारी गाडी सांगितली, चाकाची खुर्ची मागवली. काका म्हणाले, आज नको, पुढच्या रविवारी जाऊ. मुलीने ऐकलं नाही.

सोमवारी काकू आल्या त्या तोंड मिटून. काका त्यांना बेडवर बसवून निमूटपणे बाहेर गेले. मी सुया टोचल्या. तेव्हा त्या म्हणाल्या, "तळं नव्हतंच हो. सिमेंटचा खड्डा होता. त्यात पालापाचोळा आणि एक फुटकी बादली."

"काका विसरले असतील. दुसरीच कुठली बाग..."

"विसरले नाहीत. माझं मन राखत होते." त्यांना रडताना मी तेव्हाच एकदा पाहिलं, आणि तेही अर्धं मिनिट. "पोरीने मला गाडीतून उतरवलं, खुर्चीत बसवलं, ढकलत नेलं, आणि हा माणूस मागे मान खाली घालून. मला तळं नसल्याचं काही वाटलं नाही, सिस्टर. आता मी बाकीचं खरं कसं मानू, ते सांगा. तो सायकलवाला तरी आहे की नाही?"

काका परत आले तेव्हा मी मुद्दाम लांब गेले, पण दहा बेडांच्या खोलीत लांब ते किती जाणार? काकू हळू आवाजात बोलत होत्या. "तिकडे गावी पाणी गढूळ आलं, तर लोकांना काय सांगायचात तुम्ही?"

"गढूळ आलंय म्हणून."

"नळाला पाणीच आलं नाही तर?"

"नाही आलं म्हणून."

"शिव्या खाल्ल्यात, पण खोटं सांगितलं नाहीत. मग मलाच का? मी काय एवढी परकी झाले?"

काकांनी चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "त्या दिवशी पाच ठिकाणी गेलो, एकही डबी सापडली नाही. एका ठिकाणी उकिरडा होता, एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं. तू इथे एवढं सोसतेस आणि मी येऊन तुला उकिरडा सांगू?"

"सांगा की. उकिरडा असेल तर उकिरडा सांगा. कुत्रं कुठल्या रंगाचं होतं?"

"तांबडं," काका म्हणाले. आणि पोटऱ्या दाबायला लागले.

त्यानंतर एकदा, काका बाहेर असताना, काकूंनी मला जे सांगितलं, ते मी बराच काळ कुणाजवळ बोलले नाही. मी त्यांना सहज विचारलं होतं, की बाकाची सावली, दुकानाच्या पायऱ्या, हे सगळं एवढं कशासाठी विचारता, बरं वाटलं की जाणार आहात का?

"मी कुठे जाते आता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी हृदयाचा रिपोर्ट मला दाखवलाय. ह्यांना दाखवलेला नाही, दाखवूही नका. पण माझ्यामागे ह्यांना याच शहरात राहायचंय. पोरगी दिवसभर कामावर. गावाकडचं घर विकून टाकलं. इथे ह्यांना कोण ओळखतं? म्हणून म्हटलं, मी आहे तोवर ह्यांच्या चार ओळखी करून द्याव्यात. नुसतं 'ओळखी करा' म्हटलं तर करणार नाहीत. माझ्यासाठी म्हटलं तर उकिरडाही हुडकतील."

मी त्यांच्या हातावरची पट्टी उगाचच पुन्हा सारखी केली.

पुढे महिन्याभराने एक शुक्रवार आला. साडेसहाला मशीन लावलं. काकू जरा दमलेल्या वाटत होत्या, पण बोलत होत्या. काका त्या दिवशी लांब जाणार होते, रेल्वेच्या जुन्या फाट्याजवळ, रुळांखालच्या मोरीपर्यंत. "वाकताना कंबर सांभाळा," काकू म्हणाल्या. काका "हो हो" म्हणत निघाले.

साडेआठच्या सुमाराला काकूंचं ब्लडप्रेशर उतरायला लागलं. हे आम्हाला नवीन नसतं. मी मशीन हळू केलं, पाय वर घेतले, सलाइन सोडलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, कसंतरीच होतंय." मी डॉक्टरांना हाक मारली. मग त्यांची नाडी लागेना. पडदा ओढला. आम्ही तिघं आळीपाळीने छाती दाबत होतो. माझे तळहात सुजले. नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी आम्हाला थांबवलं.

काकांना मी सहा वेळा फोन लावला. मोरीपाशी रेंज नव्हती. मुलगी दुकानातून धावत आली, आईला बघितलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मी तिच्या शेजारी. आम्ही दोघी काकांची वाट बघत होतो, आणि त्यांनी येऊच नये असंही वाटत होतं.

ते दहाच्या सुमाराला आले. दोन्ही गुडघ्यांना चिखल, हातात कुठल्यातरी झाडाची एक शेंग, काकूंना दाखवायला आणलेली. लिफ्टमधून बाहेर पडताना ते हसत होते. मग त्यांना बाकावर मुलगी दिसली. ती या वेळेला कधीच इथे नसायची. ते जागच्या जागी उभे राहिले. मला काही सांगावं लागलं नाही.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"नऊ दहा."

त्यांनी बोटांवर तास मोजले. "तेव्हा मी मोरीखाली वाकलो होतो," ते म्हणाले. मग त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेले. आमच्या युनिटमध्ये चपला काढायची सक्ती नाही.

त्यानंतर चार महिने ते मला दिसले नाहीत. मीही ॲप काढून टाकलं. त्यांना बाहेर पाठवलं कुणी? मीच. बाकावर बसले असते, तर निदान जवळ असते. डॉक्टर म्हणाले, बाकावर असते तरी पडद्याबाहेरच असते. ते खरं होतं. त्याने माझं समाधान झालं नाही.

मुलगी एकदा फाइलचे कागद न्यायला आली. "बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत," ती न विचारता म्हणाली. "ते कुणावरच रागावत नाहीत, हीच पंचाईत आहे. सकाळी खिडकीत बसतात, संध्याकाळी उठतात. मी बोलले तर हो म्हणतात. सिस्टर, हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?"

पुढे काय घडलं, त्यात माझा हात अगदी थोडा आहे. एका बुधवारी युनिटच्या दाराशी एक धिप्पाड बाई आली. नखांत माती, कडेवर कुंडी. म्हणाली, "पाच नंबरच्या ताईंना भेटायचंय. त्यांचे मिस्टर फार दिवसांत फिरकले नाहीत. पहिलं झाड मेलं की काय म्हणून दुसरं आणलं."

मी तिला बाहेर नेऊन बाकावर बसवलं आणि सांगितलं. ती कुंडी मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडली. जिला एकदाही पाहिलं नाही, तिच्यासाठी. मग नाक पुसून म्हणाली, "माझ्याशी बोलायला एवढ्या लांबून निरोप पाठवणारी दुसरी कोण आहे हो?" पेशंटचा पत्ता असा कुणाला देता येत नाही. मी मुलीला फोन लावून त्या बाईच्या हातात दिला.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. एकटी जायला संकोच वाटला म्हणून सायकलवाल्याला बरोबर घेऊन गेली. दोघांची आपसात ओळख नव्हती. काकांच्या बोलण्यात एकमेकांचं नाव मात्र अनेकदा ऐकलं होतं.

हे मला काकांनीच सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते युनिटमध्ये आले. केस कापलेले, शर्टाला इस्त्री. पाच नंबरच्या बेडकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "घरात खुर्च्या दोन. त्या दोघांना दिल्या, मी उभा. आणि ती दोघं मला हिच्या गोष्टी सांगतायत. ही असं म्हणाली होती, ही तसं म्हणाली होती. सगळ्या माझ्याच तोंडून ऐकलेल्या. पण त्यातल्या निम्म्या मी विसरून गेलो होतो, सिस्टर. त्या त्यांना आठवत होत्या."

तेव्हा मी त्यांना काकूंचं ते बोलणं सांगितलं. सावलीचे बाक का विचारायच्या, दुकानात कोण बसतं हे का विचारायच्या, आणि त्या रिपोर्टचंही. सांगू की नको, असं फार दिवस मनात होतं. सांगितलं.

काका टेबलाची कड धरून उभे राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. "मला वाटायचं, मी तिला शहर दाखवतोय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "रिपोर्टचं मला सांगायला हवं होतं तिने. मी त्या मोरीकडे गेलो नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं, काका."

"हो. पण सांगायला हवं होतं." काकूंचं बरोबर होतं, आणि काकांचंही चूक नाही.

जाताना ते कॉरिडॉरमध्ये थबकले. बाकावर एक नवीन माणूस बसला होता, आठ नंबरच्या पेशंटचा भाऊ. दोन दिवसांपूर्वीच परगावाहून आलेला, पिशवी पायांत धरून भिंतीकडे बघत होता. काकांनी त्याला विचारलं, "चहा कुठे मिळतो ते माहितीये का? खालच्या कँटीनमध्ये पिऊ नका, ते नुसतं गरम पाणी. चला माझ्याबरोबर. वाटेत एक बाक आहे, अकरापर्यंत सावली असते."

आता ते आठवड्यातून दोन-तीनदा येतात. बाकावर नवीन कुणी असलं तर त्याला घेऊन जातात. औषधाचं दुकान, स्वच्छ संडास, फुकटात सायकल वापरायला देणारा सायकलवाला ("पैसे नकोत, फक्त गुडघ्याचं ऐकून घ्यायचं"), रोपवाटिका. कुणाला हौस असली तर डबी शोधायलाही नेतात. कागदावर अजून तेच नाव लिहितात. मुलीने एकदा विचारलं म्हणे, आता मंडळी कशाला? ते म्हणाले, नाव तिने ठेवलंय, मी कोण बदलणार?

रेल्वेच्या फाट्याकडे मात्र ते जात नाहीत. कुणी म्हटलं तर सांगतात, तिकडे मला जमणार नाही, तुम्ही जाऊन या. कधीकधी ते येतच नाहीत. फोन केला तर मुलगी सांगते, आज खिडकीत आहेत. मग मी जास्त विचारत नाही.

अलीकडे रविवारी मुलगी त्यांच्याबरोबर जायला लागलीय. नऊ वर्षं ती या शहरात आहे, पण घर, दुकान आणि हॉस्पिटल सोडून तिला काही माहीत नव्हतं. परवा ती मला जिन्यात भेटली. तक्रार करत होती. बाबा फार हळू चालतात, प्रत्येक चेंबरच्या झाकणापाशी थांबून ते कुठल्या पाइपचं असेल ते सांगतात, प्रत्येक दुकानात दहा मिनिटं बोलतात, एक रस्ता पार करायला अख्खी सकाळ जाते.

"आणि काका काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते म्हणतात, तू दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस आणि स्वतः काही बघत नाहीस." ती जिना उतरायला लागली, मग वळून म्हणाली, "या रविवारी कापडबाजाराच्या मागे जाणार आहोत. तुम्हाला सुट्टी असेल तर या. मला एकटीला आवरत नाहीत ते."

मी रजेचा अर्ज दिलाय.